खालून आलेले ठोके

रफूवाल्या बाईंचा गळा अख्ख्या इमारतीला पाठ होता. दिवसभर त्या एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कोटांची भोकं बुजवायच्या. सुई अशी चालायची की फाटलं कुठे होतं हे मालकालाही सापडू नये. पण रविवारी चर्चमध्ये गायकवृंदाच्या पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या, की हीच बाई आठवडाभर मान खाली घालून टाके घालते असं कुणाला सांगून पटलं नसतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे ताई. ताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, तोंडानं फटकळ आणि कानानं जवळजवळ ठार बहिऱ्या. "माझी भावजय फार सुंदर गाते म्हणतात," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "माझं नशीब बघा, मला ऐकावं लागत नाही."

ऐकावं लागायचं ते पलीकडच्या खोलीतल्या प्रूफकाकांना. छापखान्यात उभा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला हा एकटा म्हातारा निवृत्त झाला, पण त्याचं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. जिन्यातल्या पाट्या, पाणी बंद असल्याची नोटीस, दिसेल त्यातल्या चुका ते काढायचे. एकदा बाईंनी चर्चच्या सभेची पत्रिका दारोदार वाटली. दुसऱ्या दिवशी ती दाराखालून परत आली. सात चुकांना लाल गोल आणि खाली शेरा : "'प्रीती' दीर्घ असते. निदान लिहिताना तरी."

बाईंचा सराव सुरू झाला की काका काठीनं भिंतीवर तीन ठोके मारायचे. जिन्यात गाठ पडली की वर सुनवायचे, "देव असलाच तर त्याला ऐकू येत असेल हो, बाई. तुमच्या नणंदेसारखा नसेल तो." बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण त्या श्रद्धावान होत्या. रोज रात्रीच्या प्रार्थनेत त्या म्हणायच्या, प्रभू, शेजाऱ्याचं मन मऊ कर. अकरा वर्षं त्यांनी ही प्रार्थना केली. अकरा वर्षांत काकांना एकदा चहाला मात्र बोलावलं नाही.

त्या शनिवारी दुपारी बाई दुसऱ्या दिवशीच्या गीताचा सराव करत होत्या. गीत नेमकं शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करण्याबद्दलचं होतं. पहिलं कडवं संपत आलं आणि भिंतीवर ठोका पडला. थोड्या वेळानं दोन. मग एक.

'झालं यांचं सुरू,' बाई मनात म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं होतं की हे नेहमीचे ठोके नाहीत. काठीचा आवाज टणक यायचा, डोक्याच्या उंचीवरून. हा बोथट होता, आणि खालून येत होता, अगदी फरशीजवळून. एवढं सगळं कानानं बरोबर टिपलं, आणि त्यावर बाईंनी केलं काय? आवाज चढवला.

दुसरं कडवं त्यांनी असं म्हटलं की खिडकीची काच थरथरली. समोर बटाटे सोलत बसलेल्या ताईंनी भावजयीचा आवेश बघून सुरीनंच ताल धरला. तिसऱ्या कडव्याच्या सुमाराला ठोके विरळ झाले. मग थांबले. बाईंनी रुमालानं कपाळ पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हातारा हरला होता. चहा टाकताना त्या गुणगुणत होत्या.

रविवारी गीत फार रंगलं. मंगळवारी कुणाच्या तरी ध्यानात आलं की काकांच्या दारात तीन दिवसांचे पेपर पडून आहेत. कुलूपवाल्याला बोलावलं. दार उघडलं तेव्हा बाई घोळक्यात पुढेच होत्या.

काका बाईंच्या बाजूच्या भिंतीला लागून आडवे होते. उजव्या हातात बूट होता. भिंतीवर फरशीपासून वीतभर उंचीवर टाचेचे काळे अर्धगोल उमटले होते, एकावर एक, शेवटचे तर अगदी पुसट. डॉक्टर आले, वाकून बघून म्हणाले, "खुब्याचं हाड मोडलंय. पडल्या पडल्या गेलेले नाहीत. दिवसभर तरी होते. कुणाला कळलं असतं तर..." आणि वाक्य तसंच सोडून ते हात धुवायला गेले.

कुलूपवाला सहज म्हणाला, "तुमची भिंत लागून ना, बाई? काही ऐकू नाही आलं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

आठवडाभरानं, दुपारी, हल्ली काम घरीच आणणाऱ्या बाई एका पँटला टाके घालत असताना भिंतीवर ठोका पडला. बोथट, खालून. थोड्या वेळानं दोन. मग एक.

त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. पलीकडच्या खोलीला घरमालकाचं कुलूप होतं. त्यांनी बाहेर जाऊन ते हलवूनही पाहिलं. परत आल्या तर ठोके चालूच. गुडघे टेकून त्यांनी भिंतीला कान लावला आणि झटक्यात मागे घेतला, कारण आवाज भिंतीपलीकडून नव्हे, कानाला चिकटूनच आल्यासारखा वाटला. ताईंना विचारावं, तर ज्यांना दाराची घंटा ऐकू येत नाही त्या काय साक्ष देणार? त्या खिडकीशी बसून शांतपणे शब्दकोडं सोडवत होत्या.

मग ते येतच राहिलं. रोज नाही. रोज आलं असतं तर माणूस कशालाही सरावतो. कधी चार दिवस काही नाही, आणि बाईंना वाटावं की मनाचे खेळ होते, तोच दुपारच्या शांततेत पुन्हा एक, मग दोन, मग एक. त्यांनी पलंग हलवला. भिंतीला कपाट लावलं. ठोके कपाटातून येऊ लागले. एका रविवारी चर्चमध्ये दोन ओळींच्या मधे, जिथे श्वास घ्यायचा तिथे, ठोका आला. सगळे पुढची ओळ गायला लागले. बाई उघड्या तोंडानं उभ्या. घसा बसलाय असं सांगून त्या मागच्या बाकावर गेल्या आणि पुन्हा पुढे आल्या नाहीत.

शेवटी त्यांनी पाळकांना गाठलं. पाळक वयानं त्यांच्यापेक्षा बरेच लहान, भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही कबूल केलंत. देवानं क्षमा केली असं समजा."

क्षमा केलीही असेल देवानं. पण ठोके काही तो मारत नव्हता.

महिनाभरानं काकांची पुतणी खोली आवरायला आली. बाई मदतीला गेल्या. पुस्तकं, चष्मे, लाल रिफिलींचा एक डबा. पुतणीला एक वही सापडली. उघडून वाचता वाचता ती हसायला लागली. "काका म्हणजे! बघा ना. 'बुधवार, सात ते साडेआठ, आरडाओरडा. तिसऱ्या ओळीत शब्दोच्चार चुकीचा.' पानंच्या पानं भरलीत. गाणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?"

बाईंना कुठेतरी आशा होती, की म्हाताऱ्याला मनातून गाणं आवडत असेल, कुठेतरी तसं लिहून ठेवलं असेल. तसं काही नव्हतं. काकांना ते मनापासून आवडत नव्हतं.

"मीच," बाई म्हणाल्या. आणि मग, आधी ठरवलेलं नसताना, "ते पडले तेव्हा त्यांनी ठोकलं होतं. मी ऐकलं होतं. मला वाटलं, गाणं बंद करा म्हणून सांगताहेत. मी जोरात गायले."

पुतणीचं हसू हळूहळू उतरलं. "किती वेळ ठोकत होते?"

"तीन कडवी होईपर्यंत."

तिनं वही मिटली आणि म्हणाली, "तुम्ही आता जा." आवाज वाढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. बाई दाराबाहेर पडल्या आणि आतून कडी लागली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला चांगुलपणा म्हणावं की नाही, हे बाईंना कधीच ठरवता आलं नाही. ठोके आले की त्यांना घरात बसवेना. चपला अडकवून त्या बाहेर पडायच्या आणि काहीतरी करायचं म्हणून समोर येईल ते दार वाजवायच्या. "काही हवंय का?" पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटलं, बाई वर्गणी मागायला आल्या. कुणाला वाटलं, धर्माचं सांगायला आल्या. "आमचं आमच्यापाशी बरं आहे," म्हणून दोघांनी दार लावलंही.

पण सगळ्यांनी नाही. वरच्या मजल्यावर एक कुत्रेवाला होता. तीन कुत्री आणि तो, चौघांनाही सारखाच वास, त्यामुळे त्याची पायरी कुणी चढत नसे. त्याच्या पायाला चिघळलेली जखम होती. बाईंनी ती रोज धुतली, पहिल्या दिवशी नाक दाबून, मग तशीच. कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई राहायची, जिच्याकडे येणाऱ्या पुरुषांबद्दल जिन्यात दबक्या आवाजात बोलणं चालायचं. ती पूर्वी चर्चला यायची. एकदा बाईंच्याच रांगेत बसली, तर रांग सरकून तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली. सरकणाऱ्यांत बाईही होत्या. आता त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ती म्हणाली, "वाट चुकलात काय?" बाई म्हणाल्या, "हो. आत येऊ?" ती हसली आणि बाजूला झाली.

बाई पुन्हा पाळकांकडे गेल्या. "मी हे प्रेमानं करत नाही. भीतीनं करते. ठोके आले की पळते. याला काही अर्थ आहे का?"

या वेळी पाळकांनी देवाचं नाव पटकन घेतलं नाही. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्या कुत्रेवाल्याच्या पायाची जखम भरली का?"

"भरत आली."

"मग पट्टी बदलत राहा. बाकीचं मलाही कळलं की सांगतो."

एका दारापाशी मात्र बाई कधीच गेल्या नाहीत. काकांच्या खोलीत नवा भाडेकरू आला होता. चाळिशीचा असेल, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. बोटं कायम तांबूस. तो तुरुंगातून सुटून आलाय ही बातमी त्याचं सामान वर चढायच्या आधीच चढली होती. सामान तरी काय, एक गादी आणि एक पिशवी. लोकांनी पोरांना आत घेतलं, दारांना साखळ्या लावून घेतल्या. त्याच्या खोलीतून कधी कसला आवाज यायचा नाही. चालल्याचा नाही, भांड्याचा नाही. बाई स्वतःला सांगायच्या, त्याला भिते म्हणून जात नाही. खरं तर भीती त्या दाराची होती.

तो आल्यावर ठोके वाढले. आता आठवड्यातून तीनतीनदा. मग एका शनिवारी दुपारी असा ठोका आला की कपाटातल्या बशा वाजल्या. पलीकडे आता माणूस होता. हा ठोका त्याचा असला तर? पुन्हा कुणी फरशीवर पडलं असलं तर? त्या धावतच गेल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

त्यानं दार उघडलं. धडधाकट, अनवाणी. बाईंना बघून दोन पावलं मागे सरला, दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून.

"काय झालं? पडलात का? ठोकलंत का तुम्ही?" बाईंना धाप लागली होती.

"मी?" तो चक्रावला. मग दबकत म्हणाला, "मावशी, मी नाही ठोकत. तुम्ही ठोकता ना?"

बाईंनी दाराची चौकट धरली.

"आल्या दिवसापासून ठोकताय," तो म्हणाला, तक्रार न करता. "खालून, गादीजवळ. मी म्हटलं, माझा त्रास होतोय. म्हणून बूट काढून ठेवले. रेडिओ विकला. खोकला आला तर उशीत तोंड घालतो. तरी तुमचं थांबेना, तेव्हा समजलो की माझं इथे असणंच नको आहे. या महिनाअखेर जाणार होतो."

त्याच वेळी ठोका पुन्हा आला. दोघांच्या मधल्या त्या भिंतीत, खाली. एक. मग दोन. मग एक. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. दोघांचेही हात मोकळे होते.

बाई आत गेल्या आणि गादीच्या कडेला बसल्या. भिंतीला नवा रंग दिला होता, तरी टाचेचे डाग त्यातून वर आले होते. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो उकिडवा बसून ऐकत राहिला. मधे एकदाच म्हणाला, "मग त्यांना हवंय तरी काय?"

"तेव्हा हवं होतं तेच. कुणीतरी यावं."

एवढ्यात दारात ताई उभ्या. "इथे बसलीस होय! मी तिकडे घर पालथं घातलं." त्यांनी पॉलिशवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात विचारलं, "तू तो तुरुंगातला ना? काय केलं होतंस रे?"

तो खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."

त्यानं मान वर केली. बाहेर दोन दारं किलकिली झालेली दिसत होती. "भावाला मारलं!" तो ओरडला. "भांडणात! दारू प्यायलो होतो! मारायचं नव्हतं, पण मेला!"

ताई खोलीत आल्या, वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आपलं पाप छपराला ऐकू जाईल असं बोलला होता, आणि आपण मात्र ताईंच्या ताटासमोर रोज मूग गिळून बसतो.

"ताई!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. एवढ्या महिन्यांत गळ्यातून असा आवाज निघाला नव्हता. "प्रूफकाकांनी ठोकलं होतं! त्या शनिवारी! मी ऐकलं होतं, ताई! कळूनही कानाडोळा केला, वर आणखी जोरात गायले! आणि ते अजून ठोकताहेत! मला ऐकू येतं, याला पण ऐकू येतं!"

"त्या दिवशी मी सुरीनं ताल धरला होता," ताई म्हणाल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, त्या फरशीवर बसल्या आणि तळहात भिंतीवर ठेवला, जिथे टाचेचे डाग होते बरोबर तिथे. आणि वाट बघत बसल्या.

बऱ्याच वेळानं त्यांच्या भुवया हलल्या. "येतंय गं," त्या कुजबुजल्या, म्हणजे त्यांच्या मानानं कुजबुजल्या. "हाताला लागतंय. फार दमलेलं आहे."

पॉलिशवाल्यानं आपला तांबूस हात त्यांच्या हाताशेजारी टेकवला. मग बाईंनी. दारात कोपऱ्यातली बाई येऊन उभी होती, तिच्या मागे कुत्रेवाला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, बाहेरच्या बाकीच्यांनीही. काही दारं लागल्याचे आवाज आले. हे दोघे मात्र आत आले आणि जिथे जागा मिळाली तिथे बसले. कुणी प्रार्थना केली नाही. बाईंना शब्दच आठवले नाहीत. एखाद्याच्या उशाशी बसतात तसे ते पाचजण भिंतीशी बसून राहिले. ठोके लांबत गेले, एकात आणि दुसऱ्यात मोठमोठी पोकळी, आणि नेमका कुठला शेवटचा होता हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

इमारतीतल्या तीन घरांनी त्यानंतर बाईंशी बोलणं टाकलं. पुतणीला त्यांनी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. पॉलिशवाला महिनाअखेर गेला नाही. ठोके कायमचे बंद झाले असंही नाही. वर्षातून एखाददुसऱ्यांदा येतात, आणि मग ज्याला आधी कळेल तो उठून दुसऱ्याच्या दारी जातो.

त्या संध्याकाळी मात्र ताईंना फरशीवरून उठताच येईना. गुडघे आखडले होते. पॉलिशवाल्यानं बगलेत हात घालून त्यांना उचललं, अगदी जपून, ओल्या पॉलिशचं लाकूड उचलावं तसं. ताई उभ्या राहिल्या, तोल सावरला आणि म्हणाल्या, "बटाटे उकडलेत. पाचजणांना कमी पडतील. कुणाकडे पाव आहे का?"

"माझ्याकडे आहे," कोपऱ्यातली बाई म्हणाली, आणि आणायला गेली.